भिंतीवरच्या कॅमेऱ्याची बारी

पहिल्यांदा मी पडले त्यात गाईची काय चूक नव्हती. घाई माजी व्हती. डेअरीला दूध घालायची येळ झालेली, अंगणात शेवाळ धरलेलं, आन् मी किटली घेऊन निघाले ती थेट खालीच बसले. हात मोडला. दूध सांडलं. मला दुधाचं वाईट वाटलं, कारण हात बरा व्हतो.

हाताला पलास्तर घातलं आन् पुण्याहून ल्योक-सून आली. ल्योक तितं कंपनीत हाय, सून शाळंत शिकवती. दोघं बी चांगली हायती. पर चांगल्या माणसांचं एक असतं, ती तुमचं चांगलं केल्याबिगर गप बसत न्हाईत. ल्योक म्हणला, "आई, आता पिंपळीत एकटी ऱ्हायचं न्हाय. आमच्याकडं चल. लिफ्ट हाय, खाली दवाखाना हाय, तुला वेगळी खोली हाय."

मी म्हणलं, "आन् गाय?"

"गाय इकू."

"आन् त्या खोलीत मी काय करू?"

"आराम कर."

आराम ह्यो शबूद मी डॉक्टरच्याच तोंडून ऐकला व्हता. घरात कुणी केल्याचं मला आठवत न्हाय.

माजं माहेर पळसदेवचं. माजं लगीन होऊन मी नुकतीच पिंपळीत नांदाय आले व्हते, आन् तिकडं धरणाचं पाणी चढलं, माहेर पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं. लोक होडीत बसून बगायला जात्यात, फोटू काढत्यात. मी बी एकदा गेले. आमचं घर कुठं व्हतं त्ये मला दावता आलं न्हाय. देवळाच्या मागं म्हणून मी हात केला, तितं कुणीतरी मासं धरायचं जाळं टाकलेलं.

मंग मालक गेलं. ट्रॅक्टर उलाटला. ल्योक तवा चौथीत व्हता. मी लोकांच्या रानात खुरपायला गेले, वांगी तोडली, मिरच्या तोडल्या, हातांची आग व्हायची म्हणून रातच्याला ताकात हात घालून बसायची. त्यातनं एक गाय घेतली. गाईवर हे घर झालं. आदी कुडाचं, मंग पत्र्याचं, मंग पक्कं. आता ल्योक म्हणतो चल. वांग्याचं रोप वाफ्यातनं उपटून दुसरीकडं लावलं की जोमानं येतं, त्ये मला ठावं हाय. पर फळाला आलेलं झाड कुणी उपटून लावत न्हाय.

तीन दिवस आमचं त्येच चाललं. शेवटाला त्येनं तोडगा काढला. "अंगणात कॅमेरा बसवतो. मला फोनवर तू दिसशील. कॅमेरा हाय तवर तू हितं ऱ्हा. पर कॅमेरा निघाला, न्हायतर त्यात तू पडलेली दिसलीस, तर मी गाडी घेऊन येनार. मंग काय बोलायचं न्हाय."

मी व्हय म्हणलं. म्हणजे बगा, माजं घर त्या कॅमेऱ्यावर टांगलं गेलं.

कॅमेरा बसवायला बारामतीचा गडी आला. त्यो घराच्या चारी बाजूंनी फिरला. पडवीचा पत्रा हलतो, तितं बसना. लिंबाच्या झाडावर वानरं येत्यात, तितं नको. शेवटी त्यो म्हणला, "मावशी, ह्या मधल्या भिंतीवर पाइप उभा करतो. हितनं दार, गोठा, नळ, समदं दिसतंय."

मला तवाच कळलं की आता वाजणार.

त्या भिंतीच्या पलीकडं माजी धाकटी जाऊ ऱ्हाती. दोघं भाऊ येगळं निघालं तवा ही भिंत घातली. निम्म्या विटा त्येंच्या, निम्म्या आमच्या. भिंत सामाईक. आता दोघं बी भाऊ न्हाईत, भिंत हाय. तिचा बी ल्योक लांब, बंगळूरला. तिची आन् माजी बोलचाल बंद हाय, त्येला कारण शेवगा. झाड माज्या अंगणात, शेंगा तिच्या अंगणात लोंबायच्या. तिनं काय केलं, तिच्या बाजूची फांदीच तोडायला लावली, म्हणली पाला पडतो. त्याच दिवशी माजा ल्योक सुट्टीला आलेला, तिचा बी आलेला. शेंगा शेंगा करता करता दोघं शिकलेली माणसं वाटणीवर गेली, आज्यावर गेली, गाड्या काढून दोघं दोन वाटांनी गेली. तवापासून त्येंचं बोलणं बंद, म्हणून आमचं बी बंद.

पर दोघी म्हाताऱ्या, दिवसभर घरात. गप तरी किती बसणार? मंग मी माज्या गाईशी बोलती, ती तिच्या शेरडीशी बोलती. जे ज्येला ऐकायचं असतं त्ये त्येला भिंतीवरनं जातं. बोलणं बंद हाय, ऐकणं बंद न्हाय.

गडी भिंतीला भोकं पाडायला लागला आन् पलीकडनं आवाज आला, "शेरडे, ऐकलंस का गं? आता आपल्यावर पहारा बसणार. आपल्या घरात काय शिजतंय त्ये पुण्याला कळणार."

मी गाईच्या पाठीवरनं हात फिरवला. म्हणलं, "गाये, ज्येच्या मनात काय न्हाय त्येला कशाची भीती गं?"

"शेरडे, न्हाणी आपली उघडी हाय, मन न्हाय."

"गाये, कॅमेऱ्याचं तोंड आपल्याकडं हाय. लोकांची न्हाणी बगायला पुण्यात येळ कुणाला हाय?"

गडी ड्रिल हातात धरून थांबला. म्हणला, "मावशी, तुमी कुणाशी बोलताय?"

"गाईशी."

"आन् त्या पलीकडच्या?"

"ती शेरडीशी."

"मंग शेरडी का उत्तर देत न्हाय?"

"ती शाणी हाय," मी म्हणलं. "तू भोक पाड."

कॅमेरा बसला. गोल डोकं, आपल्याआपण फिरणारा. ल्योक पुण्यातनं फोनवर बोट फिरवायचा आन् हितं त्येची मान वळायची. त्यात बोलायची बी सोय. पहिले आठ-पंधरा दिवस मला लई अवघड गेलं. पाय पसरून बसता येईना. डोईवरचा पदर घसरला की वाटायचं सासरा समोर हुबा हाय. एकदा गॅसची टाकी घेऊन माणूस आला. त्यो अंगणात पाऊल टाकतोय तवर भिंतीवरनं आवाज, "आई, बीपीची गोळी घेतलीस का?" त्या माणसानं टाकी खाली ठेवली आन् वर आभाळाकडं बगितलं. म्हणला, "आजी, मी नंतर येतो." मी म्हणलं, "आरं, ल्योक हाय माजा." त्यो म्हणला, "व्हय, पर कुठं हाय?"

मंग एक दिवस धाकटी जाऊ तात्यांना घेऊन माज्या दारात आली. भिंतीमुळं तिला गल्लीला वळसा घालून, देवळापुढनं यावं लागतं. गुडघं दुखतात तिचं. एवढी चालून आली म्हणजे मनावर घेतलेलं. तात्या म्हणजे आमच्या गल्लीतलं जुनं माणूस. सामाईक इहिरीच्या पाण्याच्या बाऱ्या त्येच ठरवत्यात. एक आठवडा ह्या भावाची मोटार, दुसरा आठवडा त्या भावाची. त्येला आमी बारी म्हणतो. आजपातुर तात्यांच्या बारीवरनं कुणी कोर्टात गेलं न्हाय.

जाऊ म्हणली, "तात्या, भिंत निम्मी माजी. मंग भिंतीवर जे बसंल त्ये निम्मं माजं. कावळा बसला तरी निम्मा माजा."

तात्या म्हणले, "कावळ्याचं आपण ऱ्हाऊ दे. तुजं म्हणणं काय? कॅमेरा काढायचा?"

कॅमेरा निघाला की मी गाडीत. मी काय बोलले न्हाय. गाय जवळ नव्हती.

जाऊ म्हणली, "काढायचा असं न्हाय. पर तिचा ल्योक तिला रोज बगतो. माजा बी ल्योक लांब हाय."

तात्यांनी तंबाखू मळली. तोंडात टाकली. लई येळ भिंतीकडं बगितलं. मंग म्हणले, "इहीर सामाईक, इहिरीला बारी हाय. भिंत सामाईक, मंग कॅमेऱ्याला का न्हाय? बाजारच्या दिवशी तोंड फिरवायचं. एक आठवडा थोरलीकडं, एक आठवडा धाकटीकडं. न्हाणीच्या कडंला पडदा लावायचा. झालं."

मी म्हणलं, "तात्या, पर फोन माज्या ल्योकाचा."

"पाट कुणाच्या रानातनं बी जाऊ दे," तात्या म्हणले, "पाणी बारीवाल्याचं."

त्या बाजारच्या दिवशी तात्यांनी एका पोराला शिडीवर चढवून कॅमेऱ्याचं तोंड पलीकडं करून घेतलं. संध्याकाळी ल्योकाचा फोन. "आई, माज्या फोनवर काकू दिसत्यात."

"आठवडाभर दिसणार. त्येंची बारी हाय."

"कॅमेऱ्याला बारी नसती, आई."

"मोटारीला असती."

"मला काकूंना बगायचं न्हाय. असं असलं तर कॅमेरा काढू आन् तू हितं ये."

मी म्हणलं, "तुजा शबूद काय व्हता? कॅमेरा हाय तवर मी हितं. कॅमेरा हाय का न्हाय?"

"हाय."

"मंग मी हितं."

शबदाला पक्का हाय त्यो. त्येच्या बापावर गेलाय.

पलीकडं काय थाटमाट चाललेला त्ये मला भिंतीवरनं ऐकू यायचं. एरवी दुपारपातुर जुन्या पातळात बसणारी बाई, तिच्या आठवड्यात सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसून बाजेवर बसायची. कॅमेऱ्याकडं तोंड करून गहू निवडायची. त्येला सांगायची बी, "आज भरलं वांगं केलंय. काल गुडघा ठणकत व्हता, आज बरा हाय." माजा ल्योक बगायचा न्हाय, पर सून बगायला लागली. तिनं जावंच्या सुनंला फोटू पाठीवलं. सुना सुनांची कदी भांडणं नव्हतीच. असं करून ती वांगी बंगळूरला पोचली.

ल्योकाला मात्र राहवंना. एका तिच्या बारीला, मी नळावर भांडी घासत व्हते आन् वर घर्रर आवाज झाला. बगते तर कॅमेरा मान फिरवून माज्याकडं बगतोय. पुण्यातनं बोट फिरलेलं.

पलीकडनं लगेच, "शेरडे, बारी चोरली बग. एवढं शिकून बी दुसऱ्याच्या बारीत पाणी फोडायची खोड गेली न्हाय."

मी गाईला बी काय बोलले न्हाय. चोरी झालीच व्हती. जावंनं तिच्या बाजूच्या हौदावर चढून कॅमेऱ्यावर एक पाटी पालथी घातली. त्या दिवशी पुण्याला नुसता अंधार. ल्योकानं मला फोन केला, तर फोन घरात चार्जिंगला. दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. त्येचा जीव घाबरा. मंग त्येनं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, बंगळूरला फोन लावला. हे मला सुनंनं नंतर सांगितलं.

"तुझ्या आईनं कॅमेऱ्यावर पाटी झाकलीय."

"तू बारी चोरली असशील."

"चोरली."

"मंग पाटीच बसणार. थांब, इचारतो."

त्येनं आईला फोन लावला. ती म्हणली, "बरी हाय त्येची आई. भांडी घासतीय, आपटून घासतीय, म्हणजे रागात हाय. त्येला म्हणावं काळजी करू नको. आन् पाटी बाजारच्या दिवशी निघंल."

तवापासनं हे रोजचंच झालं. त्यो तिच्या ल्योकाला इचारणार, त्यो आईला इचारणार, ती कान देऊन ऐकणार आन् सांगणार. सरळ मला फोन करायचा सोडून बातमी पिंपळीतनं बंगळूर, बंगळूरवरनं पुणे. पर ती बातमी खरी असायची. मी फोनवर 'बरी हाय' म्हणत असती, आन् तिकडनं कळायचं, खोकतीय.

दुसऱ्यांदा मी पडले ती तिच्याच बारीच्या आठवड्यात.

दुपारची येळ. गाईला पाणी दाखवायला सोडत व्हते. दावं पायात अडकलं, गाईनं हिसडा मारला, मी गव्हाणीपाशी आडवी. पाय मुरगाळला. उठायला बगितलं, उठवंना. भुई गार व्हती. आभाळात दोन ढग व्हते, त्येच बगत पडले. वरडले असते तर गल्ली गोळा झाली असती. पर वरडले की कळणार, कळलं की पुणे. हळूहळू, जमंल तवा, आपलं आपण उठू, असं मी मनाशी धरलं. त्या घडीला पाय न्हाय, घर दुखत व्हतं.

गाय हंबराय लागली.

पलीकडनं आवाज आला, "शेरडे, पलीकडची गाय का वरडती गं? आन् माणसाचा आवाज कसा न्हाय?"

मी गाईला म्हणलं, "गाये, वरडू नको. काय झालं न्हाय. वाईच बसलीय."

"शेरडे, बसल्यावर आवाज वरनं येतो. हा तर भुईवरनं येतोय."

"गाये, काही माणसांना लई कळतं."

"शेरडे, आपण काय कुणाच्या मधी पडत न्हाय. पर पडलंय का बसलंय तेवढं सांगावं."

मी ढगाकडं बगितलं. म्हणलं, "गाये, पडलंय. पर कुणी पुण्याला सांगू नये. सांगितलं तर घर गेलं."

गल्लीनं वळसा घालून यायचं तर जावंचं गुडघं दुखणारं, आन् वाटंत इचारणारी माणसं. तिला वाटलं भिंत जवळ हाय. हौदावर चढली, हौदावरनं भिंतीवर चढली. ठेवणीतलं लुगडं. एक पाय तिकडं, एक पाय हिकडं, घोड्यावर बसल्यावानी. आन् मंग खाली बगितलं तर माज्या बाजूला हौद न्हाय, काय न्हाय. तिला ना खाली येता येईना ना मागं जाता येईना. कॅमेऱ्याचा पाइप तेवढा धरून बसली.

ती वरनं माज्याकडं बगतीय, मी खालनं तिच्याकडं. इतक्या वर्सांनी आमी सरळ एकमेकीकडं बगत व्हतो.

"आक्का," ती म्हणली, "आता मी बी अडकले."

"तुला कुणी चढायला सांगितलं?"

"तुज्या गाईनं."

तवर पुण्याला फोन वाजला असणार. कॅमेऱ्यापुढं काय हललं की त्येचा फोन वाजतो. भिंतीवरनं, तिच्या कानाशीच, माज्या ल्योकाचा आवाज आला, "काकू? काकू, वर काय करताय?"

तिनं माज्याकडं बगितलं. मी मान हालवली, न्हाय म्हणून. तिला लई कठीण गेलं असणार, कारण ती खोटं बोलायला कच्ची हाय, भांडणात बी खरंच बोलती.

"शेंगा काढतीय, बाळा," ती म्हणली.

"काकू, ती फांदी तुमीच तोडली की."

ती गप. मी गप. गाय तेवढी बोलली.

घर्रर करून कॅमेऱ्याची मान फिरली. तिच्या पायावरनं, भिंतीवरनं, गोठ्यावरनं, माज्यावर येऊन थांबली. मी पडल्या पडल्या पदर सारखा केला. दुसरं काय करणार?

"आई," त्यो म्हणला. एवढंच म्हणला.

मंग त्येनं कुणाकुणाला फोन केले त्ये त्येचं त्येला ठावं. गल्लीतली माणसं शिडी घेऊन आली, तात्या पुढं. एकानं इचारलं, आदी कुणाला? तात्यांनी दोघींकडं बगितलं. म्हणले, "खालची पडलेलीच हाय, ती आता आनखी कुठं पडणार? आदी वरची उतरवा." माज्या अंगावरनं शिडी गेली. तिला उतरवताना चार जण लागले आन् ती चौघांना शिकवत व्हती.

बारामतीला नेऊन फोटू काढला. हाड सलामत. पाय सुजलेला तेवढा.

दुसऱ्या दिवशी ल्योक गाडी घेऊन आला. त्येनं काय भांडण काढलं न्हाय. माज्यापुढं बसला, पायाला मलम लावला. म्हणला, "आई, ठरल्यापरमाणं."

मी बोचकं बांधलं व्हतं. दोन लुगडी, औषधं, मालकांचा फोटू. शबूद दिला की दिला. गाईचं दावं मी सकाळीच जावंच्या गोठ्यात बांधायला सांगितलं व्हतं, इकायची नव्हती म्हणून. रडले न्हाय. माहेर बुडालं तवा रडले न्हाय, मालक गेलं तवा लोक म्हणाले बाई दगडाची हाय. दगडाची न्हाय, पर रडून कुठलं पाणी मागं हटत न्हाय, त्ये मी बगितलेलं.

तवर जाऊ वळसा घालून आली. धापा टाकत. दारातच हुबी ऱ्हायली, कमरंवर हात. ल्योकाला म्हणली, "करार काय व्हता?"

"काकू, तुमी बसा आदी."

"करार सांग."

"आई कॅमेऱ्यात पडलेली दिसली, तर मी न्यायची."

"त्या आठवड्यात बारी कुणाची?"

त्यो म्हणला, "तुमची."

"माज्या बारीत कॅमेऱ्यात कोण दिसायला पायजे? मी. मी पडले का?"

"न्हाय."

"चढले. चढायचं करारात हाय का?"

"न्हाय, काकू. पर मला आई दिसली."

"ती तू बारी चोरून बगितलीस. चोरीचं पाणी पिकाच्या हिशोबात धरत न्हाईत. इचार तात्यांना."

माजा ल्योक मोठ्या कंपनीत हाय, त्येच्या हाताखाली माणसं हायती. त्यो खाली मान घालून हसला. मंग हसू गेलं त्येचं. म्हणला, "काकू, हसण्यावारी न्यायचं न्हाय हे. तुमी त्या दिवशी वर अडकला. मी बगितलं म्हणून माणसं आली. उद्या आई पडून ऱ्हायली आन् तुमाला वळसा घालून यायला जमलं न्हाय तर? कॅमेरा नुसता बगतो. उचलत न्हाय."

ती उंबऱ्यावर बसली. गुडघा चोळला. मंग म्हणली, "भिंतीला दार पाड."

"भिंत तुमची निम्मी हाय, काकू."

"म्हणून तर सांगती. माज्या निम्म्या विटा मी काढते. तुज्या निम्म्या तुला ठेवायच्या असल्या तर ठेव."

"तिला नेलीस," ती म्हणली, "तर मी काय नुसती शेरडीशीच बोलू?"

हे ती मोठ्यानं म्हणली न्हाय. मी बोचक्याची गाठ नीट करायला खाली वाकले, कारण तिच्याकडं बगायला नको वाटलं.

ल्योक उठला आन् बाहीर गेला. अंगणात उभा राहून बंगळूरला फोन लावला. लई येळ बोलले दोघं. मधीच शेवग्याचं नाव निघालं, मला वाटलं आता फिसकटतंय, पर न्हाय फिसकटलं. आत येऊन म्हणला, "सुट्टी वाढवून घेतो. गवंडी बगतो. पर आई, हे दिवाळीपातुर. दिवाळीपातुर कसं चालतंय त्ये बगायचं. मंग ठरवू."

गवंडी सुप्याचा मिळाला. कॅमेऱ्याच्या पाइपाला धक्का न लावता बाजूची भिंत पाडायची व्हती. दोघं चुलतभाऊ सगळा येळ फोनवर, तिकडनं त्यो दार किती रुंद करायचं सांगतोय, हिकडनं ह्यो हात मोजून दावतोय. पाडताना विटा दोन रंगाच्या निघाल्या, तिच्या येगळ्या भट्टीच्या, आमच्या येगळ्या. जाऊ म्हणली, "माज्या विटा माज्या बाजूला टाका." गवंडी म्हणला, "काकी, सिमेंटनं मिसळल्यात." "मंग मोजून निम्म्या टाक," ती म्हणली. त्येनं निम्म्या टाकल्या.

दार बसलं. मंग वाद निघाला कडीचा. कडी कुणाच्या बाजूनं? ती म्हणली माज्या बाजूनं, मला रात्री भीती वाटती. मी म्हणलं माज्या बाजूनं, मला तुजी शेरडी माज्या वाफ्यात नको. ल्योक म्हणला, दोन्ही बाजूंनी लावतो. मंग आमी दोघी बी म्हणलो, मंग दार कशाला केलंस? त्यामुळं कडी बसवायची ऱ्हाऊनच गेली. वारं आलं की दार आपटतं, म्हणून खाली धोंडा लावलाय. शेरडी येती आन् माजी मेथी खाती. मी आता सरळ तिच्या मालकिणीला शिव्या घालती.

कॅमेरा अजून हाय. तात्यांनी बारी मोडली न्हाय, म्हणले, एकदा ठरलं की ठरलं. तिच्या आठवड्यात ती पहिल्यासारखीच ठेवणीतलं नेसती. माज्या आठवड्यात ती माज्या अंगणात येऊन बसती, म्हणजे ती दोन्ही आठवडे दिसती. हे बरूबर न्हाय असं मी तात्यांच्या कानावर घातलंय.

आन् दिवाळी येऊन गेली. ल्योक चार दिवस ऱ्हायला, अनारसं खाल्लं, गाईच्या पाठीवरनं हात फिरवला. जाताना गाडीत बसला, काच खाली केली. मी पडवीतच हुबी व्हते. मला वाटलं आता विषय काढतो.

त्यो म्हणला, "काकूचा गुडघा लई सुजलाय. दावून आण तिला बारामतीला."

मी म्हणलं, "आणते."

गाडी गेली. विषय त्येनं काढला न्हाय, आन् मी कशाला काढू?